गिटार वाळेपर्यंत

१४ ऑक्टोबर २०१३, सोमवार
आधी दुरुस्ती. काल मी लिहिलं की गिटारबद्दल नीतू म्हणाली, "कर आरामशीर." ते अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: "कर आरामशीर, माये पोट्टे वाजवतीन." म्हणजे तिची मुलं, जी अजून व्हायची आहेत. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. त्यांचा नियम होता, चूक खोडायची नाही, खाली बरोबर काय ते लिहायचं. म्हणून लिहिलं. पटलं म्हणून नाही.

नीतू माझी चुलत बहीण. २४ नोव्हेंबरला तिचं लग्न, मग ती बालाघाटला. आदल्या दिवशी हळदीत ती गाणार आणि मी वाजवणार. अर्जुनीच्या कॉलेजात एका मैत्रिणीची गिटार दोघी मागून आणायचो, तेव्हापासून ठरलेलं आहे. आता माझी स्वतःची आहे. सुट्या भागांत मागवली आणि स्वतः जोडली. फक्त रंग आणि पॉलिश बाकी. हळदीला चाळीस दिवस. सोबत आलेल्या माहितीपत्रकात पॉलिशला चौदा सांगितलेत. म्हणजे सव्वीस दिवस निव्वळ सराव. लोक उगाच घाई करतात.

१६ ऑक्टोबर
पत्रकाप्रमाणे पॉलिश पेपर एकदा मारायचा. मी तीनदा मारला. फागूमामा सुतार लग्नासाठी पाट करायला आले आहेत. थांबून बघत राहिले. म्हणाले, "काऊन वो बाई, लाकूड घासून राहिली का संपवून राहिली?" या माणसाने जन्मभर बैलगाड्या केल्या. मी घासत राहिले.

१९ ऑक्टोबर, दुपारी ४
स्टेन लावला. अक्रोडी रंग. अप्रतिम बसला. दोन जागी बसला नाही.

२० ऑक्टोबर
दुरुस्ती: दोन नाही, सहा. जोडताना गोंद बाहेर आला होता तो मी बोटाने पुसला. जिथे पुसला तिथे लाकूड रंग पीत नाही. पत्रकात हे आहे, पण दुसऱ्या पानावर. महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या पानावर छापणाऱ्यांबद्दल काय बोलावं?
कुंताकाकूने (नीतूची आई) माझे हात पाहिले. विचारलं, मेहंदी एवढी घाण कोणी काढली, नीतूसाठी तिला बोलावू नकोस.

२७ ऑक्टोबर, रविवार
सगळं घासून पुन्हा स्टेन. आता चारच डाग. लांबून ढगांसारखे दिसतात. बाबांनी जवळून पाहिले.

फागूमामांनी न विचारता सल्ला दिला. त्यांच्या बांधावरच्या पळसांची लाख, तिचा चपडा, म्हणजे वाळवलेले पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून गोडेतेलाच्या बाटलीत भरलेला. "पातळ लाव, रोज एक हात, मंग सोडून दे." गोडेतेलाची बाटली! मी सांगितलं की माझं शेलॅक ऑनलाइन मागवलं आहे, अर्जुनीला येईल. ते म्हणाले, येऊ दे. त्यांचा स्वर मला आवडला नाही.
सराव: लाकडी पट्टीवर बोटं ठेवून केला. दहा मिनिटं. पट्टीवर आवाज चुकत नाही हा मोठा फायदा.

१ नोव्हेंबर
शेलॅक आलं. सुंदर पाकीट. आत पातळ, तांबूस पापुद्रे. वास ओळखीचा वाटला. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: पळसावरची लाख, उत्पादन भारत. भारत मोठा देश आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पहिले दोन हात दिले. पत्रकापेक्षा दुप्पट घट्ट केलं, म्हणजे निम्म्या हातांत काम होईल. इतकी साधी गोष्ट पत्रक लिहिणाऱ्यांना सुचू नये?
उजेड हवा म्हणून संध्याकाळी ओसरीतला मोठा दिवा लावला. धानावरचे तुडतुडे दिव्यावर आले आणि तिथून ओल्या पॉलिशवर. चिमट्याने काढले. अकरा निघाले.

६ नोव्हेंबर
दुरुस्ती: अकरा निघाले हे खरं. सतरा राहिले हे लिहिलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
सगळं परत घासलं. मच्छरदाणी लावून आत काम सुरू केलं. तर काकांनी आजच खळ्यावर थ्रेशर आणलं. अख्खं वर्ष पडलं होतं! हवेत भुसा. गिटारला हात लावला तर चपातीला पीठ लावल्यासारखं. काकांना विचारलं, चार दिवस थांबता येणार नाही का? काका म्हणाले, "धान थांबते का तुया बाजासाठी?" या घरात कलेची किंमत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सात हात झाले. चिकट आहे. नीतू मच्छरदाणीत शिरून बसली. म्हणाली, अशीच तारा लाव, एकदा वाजवून तर पाहू. मी समजावलं की फिनिश पूर्ण वाळल्याशिवाय तारा लावणं हा वाद्यावर अन्याय आहे. ती म्हणाली, "वाद्याले काही होत नाही वो भुमे. तुले वाजवाचं भेव हाय." तिला विषय कळत नाही. लग्नाच्या गडबडीत माणसं असं बोलतात.
सरावाला उरलेले दिवस: आठ. त्यातून वाळायचे वजा केले तर उरत नाहीत. पण मी तयार आहेच.

१९ नोव्हेंबर
उपाय सापडला. आंबे धानाच्या तणशीत पिकतात. ऊब मिळते, वारा लागत नाही, धूळ लागत नाही. पत्रकातही "उबदार, बंद जागा" असंच आहे. गिटार जुन्या साडीत गुंडाळून गोठ्यामागच्या तणशीच्या ढिगात पुरली. कोणालाही सांगितलं नाही. फागूमामांनी पाहिलं. पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

२२ नोव्हेंबर
काढून पाहिली. साडीचं विणकाम पॉलिशवर उमटलं आहे, काठासकट. वाईट दिसत नाही. अजून चिकट. पुन्हा पुरली. उद्या हळद आहे. सकाळपर्यंत होईल.

२३ नोव्हेंबर, शनिवार
झाली नाही.
मांडवात बायका जमल्या. नीतूला हळद लावली, मग सगळ्यांनी गाणं म्हण म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, वाळायची आहे. बरीच माणसं हसली. कुंताकाकू म्हणाली, "तणशीत पिकली नाही का वो?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.
नीतू उठली, हळदीच्या हातांनीच गोठ्यामागे गेली आणि गिटार घेऊन आली. बिनतारांची. मांडीवर पालथी टाकली आणि पाठीवर बोटांनी ठेका धरून गायली. आमचंच गाणं. पूर्ण. मी खांबाजवळ उभी होते. दुसऱ्या कडव्याला मी साथ धरायचं ठरलं होतं, तिथे तिने थोडा वेळ नुसताच ठेका चालू ठेवला. मग एकटीच पुढे गेली.

२४ नोव्हेंबर
लग्न झालं. गर्दी फार होती. गाडीपर्यंत गेले नाही.

२५ नोव्हेंबर
दुरुस्ती: गर्दी फार नव्हती.

३० नोव्हेंबर, शनिवार
पॉलिश वाळलं. नख रुतत नाही. पाठीवर नीतूची दहाही बोटं उमटली आहेत, पिवळी, काही दोन-तीनदा. हळद आत बसली आहे.
फागूमामा म्हणाले, स्पिरिटने पुसून एका सकाळी नवं करून देतो. मी नको म्हटलं. त्यांनी ठशांवरून हात फिरवला. म्हणाले, "हे ठीक झालं." एवढ्या दिवसांत त्यांनी चांगलं म्हटलेली ही एकच गोष्ट, आणि ती मी केलेली नाही.

१५ तारखेच्या नोंदीला दुरुस्ती: विषय नीतूला कळतो. मला तीन कॉर्ड येतात. चौथ्याला बोट दुखतं, तार खर्र करते, आणि मांडवात पन्नास बायका असतात. बिनपॉलिशची गिटारही वाजते. हे पत्रकात पहिल्याच पानावर आहे.
दुपारी तिचा फोन आला. सासरी गाई किती, सासू कशी, सगळं सांगितलं. पहिल्यांदा माहेरी येणार आहे, कधी तेही सांगितलं. गिटारचं विचारलं नाही. लाकूड आल्यापासून प्रत्येक वेळी विचारायची.
मधे दहा दिवस आहेत. एक पातळ हात सहज बसेल. नाही. उरलेल्या पॉलिशचा डबा फागूमामांना देऊन टाकला, लग्नात कोरेच वापरलेले पाट रंगवायला.
तारा आजही चढवता आल्या असत्या. पण आज शनिवार. ती बसमधून उतरेल तेव्हा मी पायरीवर बसलेली असेन, तारा लावून, आणि चौथा कॉर्ड खर्र करेल तर करेल. तारीख लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुरुस्ती लागायला नको.
बुधवार, ११ डिसेंबर २०१३.