स्लॅबवरची बांधी

प्रिय जाऊबाई,

तुमची तेरवी होऊन आठवडाही झाला नाही आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. हसाल तुम्ही! जन्मभर अंगणाला अंगण लागून राहिलो, विहिरीवर रोज भेटलो, पण पोटातलं कधी ओठावर आलं नाही. मग आताच काय झालं? झालं असं की रविवारी तुमचा लेक वामन माझ्याकडे उत्तर मागायला येणार आहे. तुमचं घर ठेवायचं की पाडायचं, हे माझ्या उत्तरावर आहे. माझ्या! ज्या बाईने त्या घराकडे पाहून इतकी वर्षं बोटं मोडली, तिच्या!

हो, मोडली. तुम्ही गेलात म्हणून खोटं कशाला बोलू? तुमच्या घराचा मला हेवा वाटायचा, अजून वाटतो. सकाळी दार उघडलं की समोर तुमची ती पांढऱ्या मातीने पोतलेली भिंत दिसते आणि माझा चहा कडू होतो.

आठवतं, इमर्जन्सी उठली त्या उन्हाळ्यात दोघा भावांची वाटणी झाली? आसगावातली एकच जागा, मधून दोरी धरून दोन भाग केले. तुमच्या वाट्याला जेवढी, तेवढीच आमच्या. मी त्याच दिवशी मनात ठरवलं होतं, माझं घर आधी उभं राहील. लोक म्हणतात घर पाहावं बांधून. मला बांधून पाहायचं नव्हतं, तुम्हाला बांधून दाखवायचं होतं.

आणि तुम्ही! तुम्हाला कसली म्हणून घाई नव्हती. बांबू आणून गावाबाहेरच्या बोडीत, तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवले, किडा लागू नये म्हणून. माती कालवली, त्यात धानाची तणस टाकली आणि दिली आंबत. भिंतीचा एक थर चढवायचा, की काम बंद. तो वाळेपर्यंत तुमचे हे, माझे भासरे, शेतावर आणि तुम्ही ताटव्याच्या खोपटात चुलीला फुंकर घालत बसलेल्या. मी कुंपणापाशी येऊन विचारायची, "जाऊबाई, एवढ्यात थकले का तुमचे मिस्त्री?"

तुम्ही तशाच शांत. "भितीले वारू दे व. तिले कोन्ती गाडी पकडाची आहे?"

तुमच्या त्या शांतपणाचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा! एकदा तरी चिडायचं होतं ना माझ्यावर.

आमचा ठेकेदार पवनीहून मोटरसायकलवर यायचा. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, तरी त्याने कुठून कुठून पोती आणली. आमची पोती तशी कमीच दिसायची आणि वाळूचा ढीग तेवढा मोठा, पण आमचे हे म्हणाले, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. भिंती तर बघता बघता उठल्या. तुमचा तिसरा थर ओला होता तेव्हा आमचा स्लॅब पडला. गावातला पहिला. लोक पाहायला आले आणि मी सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. तुम्हालाही. तुम्ही बशीतून पिताना वर पाहिलंत आणि म्हणालात, "मस्त झालं." तो दिवस माझा होता, जाऊबाई. तेवढा एकच.

मग सिमेंट मुरून पक्कं व्हावं म्हणून त्या स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी भरलं. वर चढून पाहिलं तर काय, हुबेहूब आपली धानाची बांधी, पाण्याने भरलेलं शेतच! हे तर इतके हरखले की म्हणाले, रोपं आणून रोवणा करू का? रोज विहिरीचं पाणी वर चढवायचं, जीव जायचा, पण बांधी कोरडी पडू द्यायची नाही, एवढं आम्हाला न सांगता कळत होतं.

आणि तिथेच ठेकेदाराने आम्हाला गाठलं. एके सकाळी आला, वर चढला, बोटाने पाणी हलवलं आणि यांना म्हणाला, "भाऊ, धान पिकाले आलं का तुमी बांधीचं पानी सोडता का नाई?"

"सोडतो."

"मंग? हे पिकलं आता. जास्त पानी ठेवाल त सडन."

आम्ही धानवाले! आमच्या भाषेत बोलला आणि आम्ही मान डोलावली. त्याने बांगडीची, बैलाची, कुठलीही दुसरी गोष्ट सांगितली असती तर यांनी चार प्रश्न विचारले असते. बांधीचं म्हटल्यावर काय विचारणार? यांनी स्वतःच्या हाताने बांध फोडले. पाणी पन्हाळीतून धो धो खाली आलं आणि मी त्यात पाय धुतले. दुपारी त्याच्या माणसांनी खालच्या फळ्या, बल्ल्या काढून बंडीत भरल्या. लाखांदूरकडे दुसऱ्या कोणाचा स्लॅब खोळंबला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तुम्ही कुंपणापाशी उभ्या होतात. "एवढ्यात काहून सोडलं व पानी?"

मी म्हटलं, "तुमचं मातीचं घर. तुमाले सलापातलं काय समजते?"

बस, एवढंच. पुढच्या पावसाळ्यात मधल्या खोलीत थेंब पडू लागला. मग रेघ आली, रेघेचा नकाशा झाला. दर दिवाळीला मी छताला आधी चुना मारायची आणि मगच तुम्हाला फराळाला बोलवायची. कोणी विचारलं, काकू, स्लॅबचं घर कसं? की मी म्हणायची, फसक्लास!

पण उन्हाळ्याला कुठला चुना मारणार होते मी? वैशाखात माझं घर भट्टीसारखं तापायचं. आधी सासूबाई तुमच्याकडे गेल्या. "इकडं मले झोप लागते," म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. मग माझी पोरगी अभ्यासाला तुमच्या पडवीत. ते गिळलं मी. पण एका दुपारी हे जेवून उठले, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला आणि सरळ तुमच्या घरात जाऊन तुमच्या भिंतीला पाठ लावून घोरू लागले! माझा नवरा, माझं घर सोडून! मी अंगणात उभी राहून ते घोरणं ऐकलं. तुम्हाला सांगते, सवत परवडली असती.

आणि तुम्हाला सगळं माहीत होतं ना? एकदा पावसाची झड लागली होती, तेव्हा तुम्ही न बोलावता आलात. मी मधल्या खोलीचं दार ओढून उभी. तुम्ही दाराकडे पाहिलं नाही, पदराखालून एक पितळी घमेलं काढलं आणि म्हणालात, "हे माह्याकडं रिकामंच पडून रायते. राहू दे तुह्याकडं." एक शब्द जास्त नाही. कायले अशा वागलात? म्हणायचं होतं ना तोंडावर, सांगितलं होतं तुला! मी भांडले असते, मोकळी झाले असते. ते घमेलं अजून त्या थेंबाखाली आहे.

आता वामनचं ऐका. तेरवीचं गोड झालं त्याच दिवशी, वरठीला आपल्या घरी परतायच्या आधी, त्याने एक माणूस आणला. ओळखलं मी. केस पिकलेत, मोटरसायकल नवी आहे. तोच आपला ठेकेदार. तुमची भिंत बुटाने ठोकून पाहिली त्याने. बुटाने, जाऊबाई! वामनला म्हणाला, "पाडून टाक. दोन महिन्यांत सलापाच्या चार खोल्या देतो, मास्तर लोकं भाड्यानं येतेत. घर कसं बांधतो ते तुह्या काकूलेच विचार."

वामन माझ्याकडे वळला. "सांगा न काकू, कसं आहे तुमचं घर?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हालाच सांगते. गोड वाटलं. मी 'फसक्लास' एवढं म्हणायचा उशीर, की समोरची ती भिंत उद्या नाही. चहा गोड लागेल. शेजारीही गळका स्लॅब, तिथेही उन्हात भट्टी. फिटंफाट! शब्द जिभेवर आला होता. मी म्हटलं, "रविवारी ये, सांगते."

काल दुपारी ऊन फार होतं. मी तुमच्या रिकाम्या घरात गेले. सासूबाई निजायच्या तिथे, भिंतीला पाठ लावून बसले. गार होती. तुम्ही नाहीत तरी गार! मला इतका राग आला की रडू आलं.

तर वचन देते. रविवारी वामनला मी मधल्या खोलीत नेईन. दार उघडीन, तुमचं घमेलं दाखवीन, आणि हातात उलथणं देऊन म्हणेन, टोच वर. चुन्याचा पापुद्रा आणि गंजलेली सळई त्याच्या डोक्यावर येईल, तेव्हा दोन महिन्यांचं घर काय असतं ते त्याला कळेल. गावाला कळलं तरी कळू दे. पण तुमच्या घराची तारीफ माझ्या तोंडून होणार नाही, एवढं मात्र समजून असा.

आणि तुमची मागची भिंत पावसाने झोडपली आहे. माती आंबत घातली आहे मी आज. दिवाळीच्या आत ती मी लिंपीन, वाळू देऊन देऊन. तुमच्यापेक्षा चांगली लिंपीन! येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून म्हटलं पाहिजे, थोरलीपेक्षा धाकटीचा हात सरस होता.

तुमच्यावर जळणारी,
तुमची धाकटी,
सुमन