अर्धी गोळी

३ मार्च

बाहेरच्या खोलीची भिंत पिवळी झालीय! मी स्वतः दिलेला पांढरा. उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला — मला पांढरा कळत नाही होय? सूनबाईला दाखवली. "बाबा, पांढरीच आहे हो."

तोंडाला चव नाही. ताट तसंच परत.

५ मार्च

दिव्याभोवती कडं दिसतंय. सूनबाईच्या चेहऱ्याभोवतीही.

शेजारचा पोस्टमन बुद्धिबळ खेळायला आला. (निवृत्त होऊन जमाना झाला, तरी पोस्टमनच!) त्याच्याभोवतीही तेच कडं. सरळसरळ हरलो. त्याला काही बोललो नाही. भीती वाटतेय.

८ मार्च

कुणीतरी रोज एकेक हात मारून जातंय. आज छतही पिवळं. रंगाचा वास नाही, ओला डाग नाही.

सूनबाई हृदयाची गोळी अर्धीच देते. म्हणे किडनी थकलीय, म्हणून डॉक्टरांनी कमी केली. अर्धवट काम मला कधीच पटलं नाही. गेला महिनाभर तिची अर्धी घेतो, वर जुन्या पाकिटातली अख्खी — गुपचूप. आता तेवढाच काय तो आधार.

११ मार्च

मोरीच्या दाराशी कोसळलो. दवाखान्यात आहे. नाडी अगदी मंद झाली होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमची किडनी हे औषध बाहेर टाकत नाही. ते रक्तात साठत गेलं. पिवळं भिंतीत नव्हतं, तुमच्या डोळ्यांत होतं." मग मी अख्ख्या गोळीचं सांगूनच टाकलं. सूनबाई रागावली नाही, नुसती रडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मार्च

घरी आलो. भिंत पांढरी! कितीतरी वेळ हात फिरवत बसलो.

ती गोळी माझी बंद. उरलेली पाकिटं सूनबाईने फेकायला काढली. चांगलं औषध कचऱ्यात? माझा जीव होईना. पोस्टमनच्या छातीत हल्ली धडधडतं. किडनीसाठी आम्ही दोघं एकाच डॉक्टरांच्या दारात बसतो, म्हणजे दुखणं सारखंच की! त्याला सांगितलं तर म्हणाला, "दे इकडे, माझी दवाखान्याची खेप वाचेल." सूनबाई आत गेल्यावर दिली. मी दीड खात होतो, तो एकच खाईल. खूश होऊन गेला.

२७ मार्च

पोस्टमन आला. पट मांडला तरी बसेना. भिंतीकडेच बघत राहिला.

"काय रे, पिवळा कधी दिलास?"