बोअरला आलेला ताप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं घोरणं कमी झालं का? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

मागे कळवलंच होतं, की इथे जमिनीच्या पोटातली उष्णता शोधायला बोअर मारतात, आणि माझं काम म्हणजे तारेला थर्मामीटर बांधून तळाशी सोडायचा, वर ओढायचा नि आकडा वाचायचा. याचा पारा एकदा चढला की आपण होऊन उतरत नाही. पुन्हा सोडण्याआधी झटकावा लागतो. (तू दवाखान्यात पेशंटच्या तोंडात खुपसतेस तसाच, फक्त हा काकडीएवढा जाड.) खाली जावं तसतसं गरम लागायला हवं, पण आमची बोअर ढिम्म. महिनाअखेरपर्यंत तापली नाही तर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा, असा वरून हुकूम आला. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

त्यातच मला हुडहुडी भरली. डॉक्टर लांब, म्हणून मी शहाण्याने तोच थर्मामीटर काखेत धरला. एकोणचाळीस सेल्सियस, म्हणजे तुझ्या दवाखान्यातला एकशे दोन ताप. मग पुसून, झटकून खाली सोडला, तर तळाशीही एकोणचाळीस! साहेब कडाडले, की झटकलाच नसशील. मी सगळ्यांदेखत खांदा निखळेस्तोवर झटकून दाखवला. दुसरा थर्मामीटर मागवला. पुन्हा तेच. आता संध्याकाळी माझा ताप चढला की बोअरचाही चढतो, मला घाम फुटला की तिचाही उतरतो. परवा मी दोनदा खोकलो, तर खालून तार दोनदा थरथरली. (ड्रिलरकाका तेव्हापासून माझ्या शेजारी जेवायला बसत नाहीत.)

साहेब मात्र भलतेच खूश. ज्यांनी आजवर कधी पाणी विचारलं नाही, ते आता स्वतःच्या हाताने माझ्या अंगावर तिसरं पांघरूण घालतात, आणि गोळी मागितली की मऊ आवाजात म्हणतात, बरं व्हायची एवढी घाई कशाला? सगळ्यांची पोटं माझ्या तापावर चालली आहेत, हे मलाही कळतं. पण ताई, खरं सांगतो, मला फार भीती वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण म्हणजे तापाच्या गोळ्या. हे पत्र टँकरवाल्याच्या हाती देतोय, त्याच्याकडेच दे. मोज्यात लपवून दे, कारण इथे आलेलं प्रत्येक पाकीट साहेब फोडतात.

आणखी एक ता. क. गोळ्या राहू देत. आज सकाळी माझा ताप साफ उतरला. बोअर मात्र तापलेलीच आहे, उलट चढतेच आहे. साहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "सख्खं कोण कोण आहे तुम्हाला?" मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा ताई, तुझं अंग तापलं असेल तर आधी गोळी घे, आणि या पत्राला उत्तर पाठवू नकोस.