चाकांच्या खोलीचा आग्नेय कोपरा जागेवर आणण्याबाबत

मुक्काम करवंदवाडी,
ता. १९ नोव्हेंबर १९५३

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
ठाणे

विषय : माळावरची चाकांची खोली अर्धा फेरा फिरवू देण्याबद्दल.
संदर्भ : तलाठी, मौजे करवंदवाडी यांच्या दोन नोटिसा, ज्यांचे आपसांत पटत नाही.

महोदय,

अर्जदार त्र्यंबक हरी सोवनी, पेन्शनर, राहणार डोंबिवली, सविनय सादर करतो की, अर्जदाराच्या दोन खोल्यांत दोन भाऊ, त्यांची कुटुंबे, एक आत्या व आत्याची बाजाची पेटी राहते. म्हणून कल्याणच्या लष्करी छावणीतील लिलावात अर्जदाराने मोटारीमागे जोडून ओढायची एक पत्र्याची खोली घेतली. पूर्वी तीत एखादा गोरा कप्तान झोपत असावा. मोहने गावापलीकडे करवंदवाडीच्या माळावर हवापालटासाठी घेतलेल्या स्वतःच्या जागेत ती उभी केली. तेथे वस्ती नाही, विहीर लांब आहे व वारा मुबलक आहे. शनिवारी अर्जदार व सौ. हेमा तेथे मुक्कामाला जात. लग्नानंतर प्रथमच उभयतांना कोणी हाक न मारता चहा पिता आला. या वयात सांगणे शोभत नाही, परंतु अर्जदार तेथे फार सुखी होता.

सौ. धार्मिक असल्याने वास्तुशांत झाल्याखेरीज ती तेथे चूल पेटवीना. वैशाखात विधी केला. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरावा लागतो. पण खाली पत्रा निघाल्याने भटजींनी तो त्या कोपऱ्याखाली खोलीलाच जोडलेल्या हत्यारांच्या पेटीत मातीसह बसविला. जेवणास तलाठी महिपतराव हजर होते. जिलबीचा आग्रह संपताच त्यांनी लिहिले की, ज्याअर्थी वास्तुशांत झाली त्याअर्थी ही वास्तू आहे. बिनपरवाना असल्याने चौकशी पुरी होईपर्यंत जागची हलवू नये.

पुढे खंडेनवमीला सौ.ने चाकांना हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या, कारण चाके ती चाकेच. त्या दिवशीही महिपतराव जेवले. ज्याअर्थी चाकांची पूजा झाली त्याअर्थी हे वाहन आहे, व गुरांच्या वाटेत येत असल्याने तात्काळ हलवावे, असा दुसरा हुकूम श्रीखंडावर निघाला.

अर्जदाराने जन्मभर सरकारची चाकरी केली असल्याने दोन्ही हुकूम पाळायचे ठरविले. शेजारचे शेतकरी काळुराम यांच्या बैलांकरवी खोली सडकेपर्यंत नेली व लगेच परत आणली. परंतु नेताना बैलांकडे असलेले तोंड आणतानाही बैलांकडेच राहिले आणि खोली उलटी उभी राहिली. मागे ढकलत का आणली नाही, असे विचारता काळुराम म्हणाले, "भाऊ, बैल कवा मागं चालतो का?"

परिणामी आग्नेयेचा वास्तुपुरुष वायव्येस गेला. एकदा बसविलेला तो उपटता येत नाही, असे भटजी सांगतात. "मी नाही बाई आत पाऊल टाकायची," असे म्हणून सौ.ने पिशवी उचलली व ती डोंबिवलीस परतली. खोली पुन्हा फिरवावी, तर महिपतरावांचे म्हणणे असे की, वाहन हलले, दुसरी नोटीस निकालात निघाली. आता पहिली लागू आहे.

अर्जदार येथे एकटाच हट्टाने बसून आहे. खोली एवढीशी, पण सौ.विना खायला उठते.

तरी खोली फिरविण्यास परवानगी मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, खोली आहे तशीच ठेवून, अर्जदाराच्या जागेपुरती आग्नेय दिशा वायव्येस हलविल्याचा हुकूम काढावा. दिशा ही वास्तूही नव्हे व वाहनही नव्हे, त्यामुळे तलाठ्यांची हरकत येऊ नये. सौ.चे वडील महसुलात अव्वल कारकून होते. सरकारी शिक्का दिसला की ती सूर्यालाही दुसरीकडून उगवू देईल, आणि शनिवारी येईल.

हुकुमाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
त्र्यंबक हरी सोवनी

सोबत : दिशांचा नकाशा (सध्याच्या व मागितलेल्या).