साहेबाचा पाळणा

रुवैस, अबू धाबी, १० मार्च १९९९

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. तुमचा खोकला थांबला का?

आमच्या बेल्जियमच्या साहेबाला मुलगा झाला आणि लगेच तीन महिन्यांची रजा मिळाली. तिकडे म्हणे युनियनवाले आणि मालक एका टेबलाशी बसून असं ठरवतात आणि सगळ्या युरोपात त्याचा कायदा होतो. तुम्ही वीस वर्षं कारखान्याच्या गेटवर घसा फोडलात, म्हणून मुद्दाम कळवतो. इथे युनियनचं नाव काढलं की खलास.

त्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून माझी सुट्टी रद्द झाली. रुपालीला तुम्हीच सांगा. आमच्या छोटीचं बारसं उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

साहेबाला सगळ्यांनी मिळून पाळणा दिला. पसंत मीच केला.

तुमचा,
रामेश्वर