काळ्या रुपयाची पहिली बोली

बंगळूर, ६ मार्च २०१६

ती. आबांस,
अजिनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

परत वीस हजार! आबा, तीन पत्रं झाली, मी तेच गाऱ्हाणं गातोय आन् तुम्ही आंबीकडून तेच लिहून पाठवताय; फक्त आकडा दर खेपेला ठळक होतोय. लिलावघराचे मालक व्यंकटराव यांनी तुमचा कागद वाचला, चष्मा काढला आन् मला विचारलं, तुझ्या वडलांना नाणी विकायची आहेत का नुसती मिरवायची. मी मान खाली घालून डब्या पुसत बसलो.

आता शांतपणे ऐकून घ्या. बाईचे तीन चांदीचे रुपये, निजामाच्या वेळचे, माझ्या आजीनं लेकीच्या पदराला बांधून दिलेले, तपासणीवरून आले. तिथं भिंगातून बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आन् नाणं काचेसारख्या डबीत कायमचं बंद करतात. माझे शाळेतले मार्क तुम्हाला ठाऊक आहेत, निदान या मार्कांवर तरी इमान ठेवा. दोन रुपये लई चकचकीत, पण त्यांना एकबी मार्क नाय. डबीवर लिहिलंय, घासलेलं. बाईनं पाठवायच्या आधी चिंच आन् चुलीतली राख लावून ते घासले होते, दाखवायला न्यायच्या पोरीसारखे नटवून. तिसरा काळा-निळा. तो ऐन वेळी कणगीच्या तळाशी फडक्यात सापडला, घासायला येळ मिळाला नाय म्हणून बाईनं चिठ्ठीत माफी मागितली होती. त्याला चौसष्ट मार्क पडले! त्या सालाचा रुपया सहसा बघायला मिळत नाय, असं मालक म्हणतात.

आन् तुमचा हुकूम काय, तर चकचकीत दोन्हींची पहिली बोली वीस-वीस हजार, आन् काळा वर फुकट द्या, मेंढीबरोबर कोकरू सोडतात तसा. आबा, बाजारात तुम्ही रुमालाखाली बोटं दाबून चढा भाव सांगता आन् मग हळूहळू उतरता. लिलावात उतरता येत नाय. पहिली बोली म्हणजे सगळ्यात खालची पायरी. तीच छातीएवढी उंच बांधली तर चढणार कोण? हात वर झाला नाय तर नाणं परत, आन् दोनशे रुपये खर्च आपल्या डोक्यावर.

लिलाव २३ एप्रिलला आहे. अखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, कडुबा व्यापारी कळप विकत न्यायला येणार, हे मी विसरलो नाय. चाळीस हजार उभे राहिले तर टेम्पोनं मेंढ्या गोदावरीकाठी नेता येतील, पाऊस पडेस्तोवर चारा-पाणी होईल. म्हणूनच एवढा ओरडतोय. राग मानू नका, मानलाच तर थोडा माना.

तुमचा
अजिनाथ


शेंद्रा, १५ मार्च २०१६

ती. अजिनाथदादास,
अंबिकाचा नमस्कार.

आधी आबांचा निरोप, त्यांनी सांगितला तसा. चाळीस वर्षं बाजार केला, कमी भाव सांगणाऱ्याची मेंढी आजारी आहे असंच गिऱ्हाईक धरून चालतं. आठवीतून पळालेल्या पोरानं त्यांना भाव शिकवू नये. कंपनीतलं पॅकिंग सोडलं, पुण्याचा टेम्पो सोडला, सुरतेचा माग सोडला. सहा महिने एका जागी टिकत नाय त्यानं चाळीस वर्षांवर बोलू नये. आणि फोन करून भाव विचारू नये. भाव मोठ्यानं बोलला की पळतो. म्हणून पत्रच.

निरोप संपला. आता माझं. दादा, विहिरीला तळ लागून महिना झाला. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, माणसांचं भागलं की मग मेंढ्या. पूर्वीचं रान कंपन्यांच्या तारेच्या आत गेलं. मेंढ्या तारेशी उभ्या राहून आतलं लॉन बघतात, वॉचमन आपल्याला बघतो. सव्वीस राहिल्यात. आबा रोज पाठीवरून हात फिरवत मोजतात आणि मधेच थांबतात, पुढं जातच नायत. त्यांना आकडा येत नाय असं नाय. तेव्हा त्यांच्याशी जास्ती तकरार करू नकोस, पण सोडूही नकोस.

तुझी
आंबी


बंगळूर, २१ मार्च २०१६

ती. बाईस,
अजिनाथचा दंडवत.

हे पत्र तुला आहे, आंबीनं तुलाच वाचून दाखवावं, आबा ऐकत असले तर ऐकू दे. मालकांच्या वहीत नाणी तुझ्या नावावर आहेत. पहिल्या बोलीच्या कागदावर आबांची सही चालत नाय, तुझा अंगठा लागतो. कागद सोबत आहे. तू सांगशील तो आकडा मी गुमान लिहून देईन, वीस हजार म्हणलीस तरी.

आन् घासल्याचं मनाला लावून घेऊ नको. इथं मोठमोठे शिकलेले लोक बी नाणी घासून आणतात.

तुझा
अजिनाथ


शेंद्रा, १ एप्रिल २०१६

ती. दादास,
नमस्कार. हसायला तयार राहा.

बाईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा ती घासण्यावरूनच बिघडली. लक्ष्मी तशीच मळकी कशी धाडायची, आणि मळाला मार्क देणारे हे लोक आहेत तरी कोण, त्यांच्या घरी भांडी कोण घासतं, वगैरे. मग खाली बसली आणि आबांच्या देखत बोलली. म्हणाली, खुलताबादच्या जत्रेत मी घोंगड्या विकते तेव्हा पहिल्या घोंगडीचा भाव पडेल सांगते, तोही मोठ्यानं. बाया गोळा होतात. एकीनं हात घातला की दुसरीला तीच पाहिजे होते. घोंगडी दोन्ही टोकांनी ओढली गेली की मी गप बसते, भाव त्याच वाढवतात. माझ्या सांगण्यानं नाय वाढत, दुसरीच्या हातात दिसते म्हणून वाढतो.

तेव्हा काळ्याची पहिली बोली एक हजार. आबा उठूनच उभे राहिले. एवढ्यात तर कोकराचा कान मिळत नाय म्हणाले. बाई म्हणाली, व्हय, पण गर्दी मिळते. मग आबांचा मान राहावा म्हणून एक चकचकीत त्यांना दिला, घाला तुमचे वीस हजार. दुसऱ्याचे पाचशे. तिन्हींपुढं अंगठा मारलाय, बघून घे.

दोन दिवस आबा बाईशी बोलले नायत. पण कुरियर करायला क्रांती चौकात स्वतः गेले. माझ्यावर भरवसा नाय म्हणे. पावती फेट्यात ठेवलीय, काढून काढून बघतात.

मला भीती वाटते, दादा. काळा हजारातच गेला तर बाई आयुष्यभर ऐकून घेईल आणि मेंढ्याही जातील. तूही आपला देव आठवून उभा राहा.

तुझी
आंबी


बंगळूर, २४ एप्रिल २०१६

ती. आबा आणि बाईस,
अजिनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. आंबीस आशीर्वाद.

आधी आबांचा. वीस हजाराची बोली मालकांनी तीनदा पुकारली. एका म्हाताऱ्यानं हात उचलला, मला वाटलं आबा जिंकले, पण त्याला पाणी पाहिजे होतं. रुपया परत येतोय. दुसरा पाचशेवरून सोळाशेला गेला.

आता काळा. पहिली बोली एक हजार छापलेली बघून सकाळपासून एकोणीस जण तो भिंगाखाली बघून गेले. ट्रे मीच धरला होता. आपलंच नाणं म्हणून मला बोली लावायची मनाई, नुसतं उभं राहायचं. हजारला हात आले, दोन हजार, पाच, नऊ, आन् तिथं सगळं थांबलं. मालकांनी हातोडी उचलली. माझ्या डोळ्यापुढं कडुबाचा टेम्पो, त्यात सव्वीस. तेवढ्यात हैदराबादचे एक टोपीवाले चाचा दहा म्हणाले, तर बेळगावची डॉक्टरीण लगेच बारा. मग बाकीचे हात खाली गेले आन् ती दोघंच राहिली. बाई, तुझी घोंगडी दोन्ही टोकांनी धरली होती! चाळीसच्या पुढं गेल्यावर मी मोजायचं सोडलं. अठ्ठावन्न हजाराला डॉक्टरणीनं नेला. चाचा उठून तिच्याकडं गेले आन् एकदा शेवटचं बघू द्या म्हणाले. तिनं दिला.

मालकांनी मला जवळ बोलावून विचारलं, हजार हा आकडा कुणी काढला. मी सांगितलं, आईनं. म्हणाले, पुढच्या लिलावाच्या पहिल्या बोल्या लिहिताना तू माझ्याशेजारी बस. म्हणजे मी इथंच आहे, एवढ्यात कुठं पळत नाय.

हिशोब आंबीनं वाचावा. विक्री एकोणसाठ हजार सहाशे. मालकांचे दहा टक्के गेले पाच हजार नऊशे साठ. तपासणीचे छत्तीसशे. आबांच्या रुपयाचे दोनशे. ते मी माझ्याकडून भरणार होतो, पण आबांना ते आवडलं नसतं. कडुबा आला की त्याला चहा पाजा आन् मोकळ्या हातानं लावून द्या. मेंढ्या लगेच हलवा. आबा, बाईशी बोला आता.

तुमची माया हाय तशी राहू द्या, वाढली तर मला कळवा.

तुमचा
अजिनाथ

ता. क. – हिशोबातून उरलेल्या पैशांत माझ्या पगारातले दोन हजार घातलेत, ते चाऱ्याचे नायत, बाईच्या लुगड्याचे. सगळे मिळून आंबीच्या खात्यावर आज टाकले : रुपये एक्कावन्न हजार आठशे चाळीस.