शांतियंत्राचं पिवळं बटण

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. समुपदेशक बाईंचा हुकूम आहे. राग आला की दहापर्यंत मोजायचं आणि किती मोजून झालं ते इथे लिहायचं. मला खरं तर गरज नाही. मी मुळात शांत माणूस. पण बायको मुलीला घेऊन भावाकडे जाऊन बसली आहे, तेव्हा काही दिवस हे सोंग करणं भाग आहे.

कारण अगदी क्षुल्लक. कुकर हातातून निसटला. बाईंनी विचारलं, स्वयंपाकघरात निसटलेला कुकर खिडकीची काच फोडून रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या पायरीवर कसा पोचला? मी म्हटलं, गोल वस्तू आहे, घरंगळते. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कोणाला लागलं नाही, हे मात्र कोणी लिहून घेत नाही.

हाताला एखादं नाजूक काम द्या, असंही म्हणाल्या. बघू.

४ फेब्रुवारी
नाजूक काम सापडलं. आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचं संमेलन अठ्ठावीसला आहे. वेशभूषा स्पर्धा आहे, सहकुटुंब यायचं आहे. मुलीच्या आवडत्या गेममध्ये एक सेनापती असतो. तो कोणाला मारत नाही. हातातल्या शांतियंत्राचं बटण दाबतो आणि अंगावर आलेले शत्रू जागच्या जागी थांबतात. मी तोच होणार. भूमिका जणू माझ्यासाठीच लिहिली आहे.

मुलीला फोनवर सांगितलं. अकरा वर्षांची आहे, पण हल्ली फार विचार करून बोलते. आईला विचारते म्हणाली. मग बायको फोनवर आली. संमेलनाला दोघी येऊ, तिथे तू कसा वागतोस ते बघू, आणि मग घरी यायचं की नाही ते ठरवू, असं म्हणाली. म्हणजे जमल्यातच जमा.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
मुलीच्या खेळण्यांच्या टोपलीत एक खोटा गेम कंट्रोलर मिळाला. कशालाही जोडता येत नाही, नुसता आवाज करतो. गुलाबी. हिरवं बटण बेडकाचा आवाज काढतं, लाल हॉर्न वाजवतं, निळं खदाखदा हसतं. मधल्या मोठ्या पिवळ्या बटणावर चिकटपट्टीचे तीन थर होते. सेनापतीच्या यंत्राला चिकटपट्टी शोभत नाही, काढून टाकली. मागे उघड्या तोंडाचं एक चित्र आहे. लहान मुलांनी तोंडात घालू नये, असा अर्थ असावा.

आतलं बघायला उघडणार होतो. स्क्रू तीन टोकांचे, माझ्या एकाही स्क्रूड्रायव्हरला दाद देईनात. मोजले: चार. मग हातोडा. तीन घावांत यंत्र उघडलं. एक तुकडा कपाटाच्या आरशावर गेला. आरसा जुनाच होता. आतला छोटा स्पीकर चपटा झाला, पण पिवळं बटण आणि त्याखालची सर्किटची पट्टी शाबूत आहे. हात बसला म्हणायचा.

९ फेब्रुवारी
चंदेरी स्प्रे मारला. वाळल्यावर यंत्र उचललं, तर चंदेरी रंग माझ्या तळव्याला आणि यंत्र पुन्हा गुलाबी. आधी पॉलिश पेपरने घासायचं असतं, असं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे. बारीक अक्षरात लिहिणाऱ्या माणसाला समोर आणा. मोजले: दोन. बाथरूमच्या दाराला मुठीएवढं भोक पडलं. आता हवा चांगली खेळते.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९
घासकाम सुरू. समोरचे निवृत्त मास्तर आवाजाची तक्रार घेऊन आले. मी शांतपणे दार लावलं. त्यांचा अंगठा मध्ये आला. नख गेलं. दुसऱ्याच्या दारात पाय ठेवून बोलण्याची पद्धतच चुकीची आहे, हे मास्तरांना कोणी शिकवायचं? मोजायला वेळ मिळाला नाही.

पण रंग या वेळी बसला. पुठ्ठ्याचा दांडा केला, त्यावर यंत्र बसवलं. पुठ्ठ्यात माझा हात धरणारा कारखान्यात दुसरा नाही.

१७ फेब्रुवारी
कारखान्यात यंत्र दाखवायला नेलं. स्टोअरकीपरला सगळे हत्ती म्हणतात. तो दर वर्षी पुठ्ठ्याचं चिलखत घालून पहिलं बक्षीस नेतो. त्याने यंत्र उलटं करून बघितलं, खालून गुलाबी दिसतंय म्हणाला आणि सगळ्या पॅकिंगवाल्यांना बोलावून दाखवलं. मी मोजायला लागलो. सहापर्यंत गेलो. माझा विक्रम. सातव्याला माझ्या हातात टेप मारायचं मशीन होतं.

हत्तीला कपाळावर तीन टाके. त्याने वेळेवर मान खाली घातली असती तर भिंतीवर गेलं असतं. मॅनेजरने लेखी ताकीद दिली. त्यातही मी समजूतदारपणे सही केली. पेन मोडलं, ते वेगळं.

१८ फेब्रुवारी
मुलीचा फोन. यंत्र कशाचं केलं, विचारत होती. तुझ्या गुलाबी कंट्रोलरचं, म्हटलं. तिने आवाज बारीक केला. मग म्हणाली, "बाबा, पिवळ्या बटणावरची चिकटपट्टी काढू नको."

काढलीसुद्धा, म्हटलं. ते वाजतं का, विचारलं तिने. स्पीकर चपटा झालाय, पण वाजवणारच. "नको वाजवू, बाबा. नुसतं हातात धर. मी सगळ्यांना सांगेन की ते वाजतं." माझ्या कारागिरीवर पोरीचा एवढा अविश्वास! बायकोने मनात भरवलं असणार. आता तर वाजवायचंच.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. स्पीकर भंगारात टाका म्हणाला, पण वायर थेट सभागृहाच्या साउंड सिस्टीमला जोडता येईल. घरी सोल्डरिंग मीच केलं. बोट भाजलं. टेबलाला लाथ घातली, टेबल तीन पायांचं झालं. पण यंत्र हातातून सोडलं नाही. पिवळं बटण दाबलं की आतला बारीक दिवा लागतो. बटण चालू आहे. आवाज हॉर्नचा असेल नाहीतर बेडकाचा, सेनापतीला दोन्ही चालतात.

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दुरुस्त केलं. हे बायकोला कळायला हवं.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४, सभागृहाच्या मागच्या खोलीत
दोघी आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत. मुलीने निळा फ्रॉक घातलाय. बायकोने मला बघून मान हलवली. म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

हत्ती चिलखत घालून शेजारी उभा होता. टाके दाखवून म्हणाला, शांतियंत्राची पहिली निशाणी माझ्याकडे आहे. पॅकिंगवाले हसले. त्याच्या छातीत गुडघा घातला. चिलखत दुमडलं, हत्तीही दुमडला. तिघांनी मला मागे ओढलं, एकाच्या नाकातून रक्त आलं. हे सगळं पडद्यामागे झालं, बाहेर काही दिसलं नाही. मोजले: एक.

नाव पुकारलं. जातो.

१ मार्च, सकाळी ८
पहिलं बक्षीस मला मिळालं.

झालं ते असं. शत्रू झालेले तीन पॅकिंगवाले पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन अंगावर आले. ठरल्यापेक्षा जरा जोरात आले, मार खाल्लेला लक्षात होता त्यांच्या. मी यंत्र उंच धरलं आणि पिवळं बटण दाबलं.

आधी मुलीचा आवाज आला. गाणं म्हणत होती. ते बटण आवाज साठवून पुन्हा ऐकवायचं आहे, मागचं तोंडाचं चित्र त्याचंच होतं. गाण्याच्या मध्येच माझा आवाज आला. मी काय म्हणत होतो ते इथे लिहीत नाही. मग काच फुटली. मग पुन्हा ती, गाणं नाही. "बाबा, नको. आईला लागेल."

सगळं मिळून दहा सेकंद. तेवढंच साठतं त्यात. पण बटण दाबून धरलं की तेच पुन्हा सुरू होतं, आणि माझं बोट निघेना. तीन वेळा वाजलं. पहिल्या वेळी लोक हसले, नाटकाचा भाग समजून. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. तिघेही तलवारी वर धरून जागच्या जागी थांबले होते. मग इलेक्ट्रिशियनने वायर उपटली.

परीक्षकांनी आवाजाच्या परिणामाचं विशेष कौतुक केलं.

मुलगी रंगमंचाच्या मागे आली. एकटीच. तिने माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि म्हणाली, "मी पट्टी लावली होती ना." ओरडली नाही, रडलीही नाही. आईला ऐकू येऊ नये म्हणून लावली होती का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, तुला ऐकू येऊ नये म्हणून. मग आईबरोबर निघून गेली. बायको दारापाशी उभी होती.

बक्षिसाची ढाल घरी आणली. पितळी आहे, वजनदार. खिडकीला अजून पुठ्ठाच लावलाय. ढाल हातात घेऊन खिडकीसमोर उभा राहिलो आणि मोजायला लागलो. दहापर्यंत गेलो. पुढेही गेलो. मग ढाल खाली ठेवली.

शेगडीपासून खिडकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून पाहिलं. सात पावलं आहेत. त्या दिवशी बायको मधोमध उभी होती.

कुकर निसटला नव्हता.